पेटंट रद्द झालं म्हणजे चोरी पकडली असं नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

चिप कंपन्यांच्या पेटंट भांडणांच्या बातम्यांत एक गोष्ट कायम खटकते, पेटंट रद्द झालं की सूर असा लावतात जणू कोणी दुसऱ्याची कल्पना ढापली होती. अहो, बऱ्याचदा चोरीचा विषयच नसतो, वाद एवढाच असतो की पेटंटचा अर्ज केला तेव्हा त्या क्षेत्रातल्या साधारण जाणकाराला हे सहज सुचलं असतं का.

झोंड कंपनीचंच बघा. स्पटरिंगमध्ये, म्हणजे प्लाझ्मातल्या (विजेने भारलेल्या वायूतल्या) आयनांचा धातूच्या टार्गेटवर मारा करून वेफरवर, म्हणजे चिप जिच्यावर बनते त्या सिलिकॉनच्या चकतीवर, पातळ थर बसवतात त्यात, विजेचे पल्स कसे द्यायचे यावर तिची पेटंटं होती. इंटेल, टीएसएमसी वगैरे अमेरिकेच्या पेटंट बोर्डापुढे गेले आणि म्हणाले, वांग यांचं आधीचं पेटंट आणि कुद्र्यावत्सेव यांचा १९८३ चा प्लाझ्मावरचा पेपर एकत्र वाचा, हेच निघतं. झोंडचं म्हणणं, त्या पेपरातलं उपकरणच वेगळं, त्याला मॅग्नेटसुद्धा नाही, कोण कशाला जोडेल? बोर्डाला ते पटलं नाही.

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या २००७ च्या केएसआर निकालानंतर अशी जोडाजोड मान्य होणं सोपं झालंय. मला तो निकाल पटतो, जाणकार माणूस काही यंत्र नसतो, थोडं डोकं तोही चालवणारच. पण धातूचे थर हा प्रकार चिवट आहे हो. टंगस्टन हेक्झाफ्लोराइड वायूने चिपमधली बारीक भोकं टंगस्टन धातूने मस्त भरतात, पण त्यातला फ्लोरिन खालच्या सिलिकॉनला खातो म्हणून आधी टायटॅनियम नायट्राइडचा थर द्यायचा, तो जाड झाला तर टंगस्टनला जागाच उरत नाही आणि रेझिस्टन्स वाढतो. एक सुधारायला जावं तर दुसरं बिघडतं, त्यामुळे दोन पेपर टेबलावर शेजारी ठेवले की झालं असं नसतं, जमेल अशी रास्त अपेक्षा तेव्हा होती का हेही बघावं लागतं. उत्तर माहीत असताना मागे वळून पाहिलं तर सगळंच सोपं दिसणार ना!

आणखी एक, अमेरिकेत कोर्टात पेटंट पाडायला स्पष्ट आणि खात्रीलायक पुरावा लागतो, बोर्डापुढे मात्र पारडं जरासं झुकलं तरी पुरतं. म्हणजे तेच पेटंट एकीकडे टिकू शकतं आणि दुसरीकडे पडू शकतं.

तेव्हा बातमीत निदान एवढं तरी द्या, पेटंट कुठे पडलं, कशामुळे पडलं आणि अर्ज कोणत्या साली केला होता.

– आपला एक वाचक