आधी पाठ मोजा, मग लिटर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ‘मिलिटरी स्टाइल’ रकसॅकांची तुलना करणारा तक्ता छापून आला. त्यात लिटर, डेनिअर (कापडाच्या धाग्याची जाडी), खिशांची संख्या आणि रंग असे चार रकाने होते. वीस किलोच्या वर ओझे घेऊन तासन्‌तास चालायचे असेल, तर या चारांपैकी एकावरही सॅक निवडता येत नाही. ज्यांवर निवडायला हवी ते रकाने तक्त्यात नव्हतेच: पाठीची लांबी, फ्रेम, कंबरपट्टा आणि रिकाम्या सॅकचे वजन. आम्ही गिर्यारोहणाचे आणि ओझे घेऊन चालण्याचे प्रशिक्षण देतो. चुकीच्या सॅकने इजा होते आणि ती टाळता येते, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

खांदा हा ओझे पेलण्याचा अवयव नाही. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा गळपट्टीच्या हाडाखालून जातो आणि खांद्याचा पट्टा नेमका त्यावर दाबतो. हा दाब तासन्‌तास राहिला की बोटांना मुंग्या येतात, हात उचलायला जड जातो, कधी खांद्याचे पाते मागे बाहेर येते. वैद्यकात याला ‘रकसॅक पाल्सी’ म्हणतात. सैनिकांच्या पाहणीत फ्रेम आणि कंबरपट्टा नसलेल्या सॅकबरोबर ही इजा कितीतरी जास्त आढळली. म्हणून जड ओझ्याच्या सॅकला पहिला प्रश्न हाच विचारायचा, की वजनाचा मोठा वाटा कमरेच्या हाडावर उतरवण्याची सोय तिच्यात आहे का?

ती सोय पाठीच्या मापापासून सुरू होते. मान पुढे झुकवा. मानेच्या मुळाशी जो मणका सर्वांत ठळक हाताला लागतो, तो मानेचा सातवा मणका. मग दोन्ही हात कमरेवर असे ठेवा, की अंगठे मागे येतील आणि कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर टेकतील. दोन अंगठ्यांना जोडणाऱ्या आडव्या रेषेपासून त्या मणक्यापर्यंत, पाठीच्या वळणावरून टेप धरून, दुसऱ्या माणसाकडून माप घ्या. प्रौढांमध्ये ते साधारण 40 ते 55 सेंमी भरते. उंचीवरून अंदाज बांधू नका. सारख्या उंचीच्या दोघांच्या पाठीत पाच-सहा सेंमीचा फरक सहज निघतो. सॅकची पाठ लांब पडली तर कंबरपट्टा घसरून कुल्ल्यांवर येतो. आखूड पडली तर पट्टा पोटावर चढतो आणि सगळे वजन पुन्हा खांद्यांवर.

लष्करी सॅकच्या बाबतीत इथेच मोठी गफलत होते. सैनिकाच्या कमरेला आधीच दारूगोळा आणि पाण्याच्या बाटल्यांचा पट्टा असतो, अंगात चिलखती जाकीट असते. त्यामुळे कित्येक लष्करी सॅकचे कंबरपट्टे बारीक किंवा सुटे असतात आणि पाठ मुद्दाम आखूड असते. ब्रिटिश सैन्याची बर्गन सॅक आखूड पाठीची आणि लांब पाठीची अशा दोन प्रकारांत निघाली, ती याच कारणाने. सैनिकासाठी जे बरोबर, ते कमरेला काहीच न बांधणाऱ्या माणसासाठी चूक असू शकते. नागरिकाने घ्यायची तर बहुधा लांब पाठीची.

आता फ्रेम. अमेरिकी सैन्याने 1973 मध्ये स्वीकारलेल्या ‘ॲलिस’ सॅकला ॲल्युमिनियमच्या नळ्यांची बाहेरची फ्रेम होती. पुढे आलेल्या ‘मोली’ सॅकला प्लास्टिकची फ्रेम आली. डोंगरातल्या सॅकांत बहुतेक वेळा आत दोन ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात आणि त्या पाठीच्या वळणाप्रमाणे हाताने वाकवता येतात. बाहेरच्या फ्रेमवर बेढब जड वस्तू, म्हणजे पाण्याचा कॅन, पेटी, वायरलेस संच, बांधायला सोपी आणि पाठीला वारा लागतो. पण कातळ चढताना ती अडते, ओझे अंगापासून दूर राहते. सपाट वाटेवर बाहेरची, चढणीच्या खडबडीत वाटेवर आतली, असे आमचे मत आहे.

मात्र बाजारातल्या ‘टॅक्टिकल’ म्हणवणाऱ्या बऱ्याच सॅकांत या दोन्हींपैकी काही नसते. पाठीमागे पातळ प्लास्टिकचा एक पत्रा सरकवलेला असतो. तो आतले सामान पाठीला टोचू देत नाही, एवढेच त्याचे काम. वजन खाली पोहोचवायचे तर फ्रेमची खालची टोके कंबरपट्ट्याला भिडली पाहिजेत. परीक्षा सोपी आहे: सॅकमध्ये 15 किलो भरा, ती जमिनीवर उभी करा आणि वरून तळहाताने दाबा. ती एकॉर्डियनसारखी बसली, तर फ्रेम नावापुरती आहे. अशी सॅक दहा किलोपर्यंत ठीक. त्यापुढे ती पिंपासारखी फुगते आणि मधोमध मणक्यावर गोल दाब देते.

कंबरपट्ट्याचे पॅड कमीत कमी 10 सेंमी रुंद हवे आणि त्याची मधली रेष हाडाच्या कडेवर बसली पाहिजे. बकल आवळल्यावर दोन पॅडांच्या टोकांमध्ये समोर चार बोटांची तरी फट उरावी. टोके एकमेकांना टेकली तर पट्टा मोठा आहे आणि ओझे घेऊन बारीक झालेल्या कमरेवर तो आणखी सैल होईल. पॅडचा फोम अंगठ्याने दाबून पाहा. मागची पट्टी बोटाला लागली, तर तो फोम महिन्याभरात चपटा होणार. पट्टा फार खाली आणि फार घट्ट बांधला तर मांडीची बाहेरची बाजू बधिर होते, कारण तिथली नस दबते. तेव्हा पट्टा थोडा सैल करून एखादा सेंटिमीटर वर घ्यावा.

खांद्याच्या पट्ट्यांच्या वरून फ्रेमकडे जाणारी छोटी पट्टी, म्हणजे लोड लिफ्टर, साधारण 45 अंशांत मागे-वर जायला हवी. ती आडवी किंवा खाली उतरती असेल तर तिचा काही उपयोग नाही. पट्टे आवळण्याचा क्रमही ठरलेला आहे. सगळे सैल करून सॅक पाठीवर घ्या, आधी कंबरपट्टा, मग खांदे, मग लोड लिफ्टर, शेवटी छातीची पट्टी. त्यानंतर खांद्याचे पट्टे बोटभर सैल सोडा. पुष्कळ जण आधी खांदे आवळतात आणि मग कंबरपट्ट्याला वजन मिळतच नाही.

खिशांच्या रकान्याविषयी. बाहेरच्या आडव्या पट्ट्या आणि त्यावर अडकवायचे पाऊच दिसायला आकर्षक असतात, पण प्रत्येक पाऊच ओझे मागे ओढतो. 25 किलोच्या ओझ्याचा गुरुत्वमध्य पाठीच्या कण्यापासून 20 सेंमीऐवजी 30 सेंमीवर गेला, तर मागे खेचणारा जोर दीडपट होतो आणि तो सावरायला माणूस पुढे वाकतो. मागच्या बाजूला फक्त हलक्या वस्तू, पाणी दोन्ही कुशीला. पाऊच अडकवायच्या आडव्या पट्ट्या 25 मिमी रुंद, मध्ये 25 मिमी जागा सोडून आणि दर 38 मिमीवर शिवलेल्या असाव्यात. माप चुकले तर दुसऱ्या कंपनीचे पाऊच बसत नाहीत.

डेनिअर म्हणजे 9000 मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. तो आकडा धाग्याची जाडी सांगतो, मजबुती नाही. 500 डेनिअरचे चांगले नायलॉन 600 डेनिअरच्या स्वस्त पॉलिस्टरपेक्षा घासण्याला बरेच जास्त टिकते. 1000 डेनिअर कातळावर रोज घासणाऱ्यांना लागते. इतरांना तो नुसता वाढीव भार. शिवाय सॅक कापडात क्वचितच फाटते. ती जाते खांद्याचा पट्टा जिथे शिवलेला असतो तिथे. सॅक आतून उलटी करा. तिथे चौकोनात फुली मारलेली शिवण किंवा दाट आडवे टाके असावेत, पट्ट्याचे टोक मुख्य शिवणीच्या आत दुमडून गेलेले असावे आणि कापडाची कड पायपिंगने झाकलेली असावी. पट्टा नुसता एका ओळीच्या शिलाईवर लोंबत असेल, तर सॅक परत ठेवा.

चेन वजनाखाली ताणली जाऊ नये. वरून नाडीने बंद होणारी आणि झाकणाची सॅक जड ओझ्याला सर्वांत भरवशाची, कारण तिथे तुटण्यासारखे काहीच नाही. सुटकेससारखी पूर्ण उघडणारी सॅक हवी असेल तर 10 नंबरची (जाड दातांची) चेन आणि तिच्यावर आडव्या आवळपट्ट्या हव्यात, म्हणजे ताण पट्ट्यांवर येतो. रनर झिजला की दात लागूनही मागून उघडतात. रनर बदलून मिळतो, पण चालत्या वाटेवर नाही. कंबरेचे बकल तुटले तर सॅक निकामी होते, म्हणून शिवण न उसवता बसवता येणारे एक सुटे बकल जवळ ठेवा.

लिटर शेवटी. मोठी सॅक घेतली की ती भरतेच. 60-65 लिटरची लष्करी बांधणीची सॅक रिकामीच अडीच ते साडेतीन किलोची असते. अमेरिकी सैन्याच्या 1990 च्या पायी कूच पुस्तिकेत लढाईच्या वेळच्या ओझ्याची मर्यादा 48 पौंड, म्हणजे सुमारे 22 किलो, आणि कूच करतानाची 72 पौंड, म्हणजे सुमारे 33 किलो, अशी दिली आहे. ही कसलेल्या तरुण सैनिकांची मर्यादा. सरावाशिवाय सुरुवात करणाऱ्याने शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शावर थांबावे आणि आठवड्याला दोन किलोंपेक्षा जास्त वाढवू नये.

विकत घेण्यापूर्वी सॅक 15 ते 20 किलो भरून निदान अर्धा तास चाला, जिने चढा-उतरा, उकिडवे बसून उठा. दहा मिनिटांत काही कळत नाही; चुकीचा पट्टा विसाव्या मिनिटाला बोलू लागतो. जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्याची पाती आणि कंबर यांच्या मध्ये भरा. खडबडीत वाटेवर त्या थोड्या खाली घ्या.

वापरलेली लष्करी सॅक घेताना आत हात फिरवा. पाणी अडवणारा लेप चिकट लागत असेल किंवा पापुद्रे निघत असतील, तर दमटपणाने तो कुजला आहे आणि पुन्हा लावून फारसा टिकत नाही. पट्ट्या फिकट, ताठ आणि केसाळ झाल्या असतील तर उन्हाने नायलॉन कमजोर केले आहे. फ्रेमचे जोड आणि रिव्हेट नखाने तपासा, रंगाखाली बारीक चीर दडलेली असते. रंगाबाबत एवढेच, की काही देशांत नागरिकाने कॅमोफ्लाज वापरणे गुन्हा आहे. प्रवासात न्यायची सॅक साध्या एकरंगी कापडाची घ्यावी.

पुढच्या वेळी असा तक्ता छापताना रंगाचा आणि खिशांचा रकाना काढून त्या जागी पाठीची लांबी, फ्रेम कंबरपट्ट्याला भिडते की नाही आणि रिकामे वजन हे तीन रकाने द्यावेत, ही विनंती.

आपले,
ओझे घेऊन चालण्याचे प्रशिक्षण देणारे काही वाचक