डॉक्टर, तुम्ही थेंब घालायचे थांबवलेत

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ८ वर्षं मला लख्ख दिसत होतं. मग अधूनमधून त्या डोळ्यासमोर धुकं उतरायला लागलं. दोन-तीन तास सगळं पांढुरकं, डोळा ठणकतोय, आणि तपासणीला जाईपर्यंत निवळलेलं. कुणी कोरडेपणा म्हणालं, कुणी वय. शेवटी मलाच वाटू लागलं, आपल्याला भास होतोय.

तुमच्याकडे मी वही घेऊन आले. तारीख, वेळ, किती तास, सगळं त्यात होतं. तुम्ही ती शेवटच्या पानापर्यंत वाचलीत. बाहुली मोठी करायचे थेंब घेऊन सिस्टर आल्या, तर म्हणालात, "थांबा, थेंब आत्ता नको." दिवे बंद केलेत, मला हनुवटी टेकवायला सांगितलंत आणि बाहुलीतून उजेडाची बारीक तिरीप आत सोडलीत. नंतर फोटो दाखवलात. बाहुलीभोवतीच्या तपकिरी पडद्यात एक तांबूस चंद्रकोर उजळली होती. तिथला रंग घासून गेलेला, म्हणून आतला उजेड आरपार येत होता. थेंबांनी बाहुली पसरली असती तर ही खूण बहुधा निसटलीच असती.

कृत्रिम भिंगाला धरून ठेवणारे दोन नाजूक पाय असतात. माझ्या भिंगाचा एक पाय, ते ज्या पातळ पिशवीत बसवतात तिच्याबाहेर राहून त्या पडद्याला मागून घासत होता. त्यातून रंगाचे कण सुटायचे, कधी थोडं रक्त. धुकं त्याचंच, डोळ्यातला वाढणारा दाबही त्यामुळेच. यूजीएच सिंड्रोम हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. हे क्वचितच होतं, असं म्हणून तुम्ही केसपेपरच्या मागे चित्र काढून दिलंत. वर बजावलंत, "धुकं आलं की त्याच वेळी या, रात्र असली तरी." आले तेव्हा दाब ३४ निघाला, जो एरवी २१च्या आत असतो. सोनोग्राफीत तर भिंगाचा पाय पडद्याला टेकलेला दिसलाच.

भिंग बदलण्यात पहिल्या ऑपरेशनपेक्षा जास्त जोखीम आहे, हे तुम्ही लपवलं नाहीत. दाबाने डोळ्याच्या नसेचं जे नुकसान झालं ते भरून येणार नाही, हेही स्पष्ट सांगितलंत. त्या स्पष्टपणानेच मला धीर आला.

हे वाचून कुणी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला घाबरू नये. डाव्या डोळ्याचं मी नंतर तुमच्याकडूनच करून घेतलं.

वही अजून जपून ठेवली आहे. शेवटची नोंद भिंग बदलण्याच्या आदल्या आठवड्यातली आहे.

तुमची ऋणी,
एक रुग्ण