जुने मराठी टंकलेखन वेळीच युनिकोडमध्ये आणा

संपादक महोदय,

श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टांत टाइप केलेले लेख तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर रोमन अक्षरांची खिचडी दिसतात, कारण फाइलमध्ये साठलेले असतात ते रोमन संकेतांकच. असा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच संकेतांक देणाऱ्या पद्धतीत, आणण्यासाठी मूळ फाइलची प्रत ठेवून त्याच फॉन्टचा परिवर्तक (संकेतांक बदलून देणारे सॉफ्टवेअर) वापरावा. कृतिदेवचा श्रीलिपीला चालत नाही. मग ऱ्हस्व वेलांटी आणि रफार डोळ्यांत तेल घालून तपासावेत. जुन्या फॉन्टांत ही वेलांटी अक्षराआधी साठते, रफार नंतर; युनिकोडमध्ये नेमके उलट. म्हणून ‘निश्चित’, ‘वर्तमान’ असे शब्द फसतात, आणि ‘सुऱ्या’मधला ‘ऱ्य’ तर हटकून. पीडीएफवर विसंबू नये: दिसते छान, पण शोध घेतला की अनेकदा हाती काही लागत नाही. साधी यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची रूढ पद्धत) मजकूर फाइल बरी. पेजमेकर या जुन्या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमधला मजकूर मात्र ते चालणारा जुना संगणक भंगारात जाण्याआधीच काढून घ्यावा.

– एक अक्षरजुळणीकार, पुणे