आई, चिऊचं हे तुझ्या माहेरून आलेलं नाही

ती. आई, ती. बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर हे सगळं धड बोलता येत नाही, आई लगेच रडायला लागते आणि बाबा "बरं बरं, तब्येतीला जप" म्हणून फोन ठेवून देतात, म्हणून लिहून पाठवतेय. दादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला सांगितलंय. दोघांनी पडवीत एकत्र बसून वाचा, आईने एकटीने देवघरात बसून वाचायचं नाही.

आधी मुख्य गोष्ट. आमच्या चिऊला फिट्स येतात ना, त्यासाठी केलेल्या जेनेटिक टेस्टचा रिपोर्ट आलाय. आई, हे तुझ्याकडून आलेलं नाही. तुझ्या माहेरून नाही, फिट्स यायच्या त्या दत्तूमामाकडून नाही, बाबांच्या घराण्यातून नाही आणि समीरच्या घरातूनही नाही. तिच्याबरोबर माझं आणि समीरचंही रक्त घेतलं होतं, तिच्या जीनमध्ये जो बदल निघालाय तो आम्हा दोघांत नाहीच. तिच्यातच तो नवीन झालाय, गर्भ राहताना नाहीतर अगदी सुरुवातीला, आपोआप. ड्रावे सिंड्रोम म्हणतात त्याला, आणि डॉक्टर म्हणाले या आजाराच्या बहुतेक मुलांमध्ये हे असंच नव्याने झालेलं असतं. मी ग्रहणात काय केलं, डोहाळेजेवणाच्या दिवशी काय खाल्लं, कोणाची नजर लागली, यातलं काही म्हणजे काहीच नाही. तू त्या दिवशी समीरच्या आईंना फोन करून "आमच्याकडचा दोष आला हो तुमच्या नातीला" म्हणालीस ना, मला कळलं, आणि मी रात्रभर झोपले नाही. त्यांना मी रिपोर्ट वाचून दाखवलाय. आता परत असं कोणालाही म्हणायचं नाही.

बाबांना नीट कळल्याशिवाय चैन पडणार नाही म्हणून सांगते. एससीएन१ए नावाचं जीन असतं, दोन नंबरच्या गुणसूत्रावर. मेंदूतल्या पेशींमध्ये सोडियम आत घेणारं जे चॅनल असतं त्याची माहिती त्यात असते. मेंदूत काही पेशी बाकीच्यांना शांत ठेवतात, गाडीच्या ब्रेकसारख्या, आणि चिऊचं हे चॅनल नेमकं त्या ब्रेकच्या पेशींत कमी पडतं. म्हणून ताप आला, अंग तापलं की तिला फिट येते आणि ती लवकर थांबत नाही. शार्लोट ड्रावे नावाच्या फ्रेंच डॉक्टरीणबाईंनी १९७८ साली हा आजार वेगळा ओळखला, जीन सापडलं २००१ मध्ये. म्हणजे मी शाळेत होते तोवर जगात कोणालाच हे माहीत नव्हतं.

बाबा, तुम्ही विचारलं होतं की एवढा खर्च करून रिपोर्ट काढायचा कशाला, औषध तर तेच द्यायचं ना. तेच नाही हो. सुरुवातीला तिला कार्बामाझेपिन चालू केलं होतं, चांगलं जुनं औषध आहे, हजारो लोक घेतात, पण ते सोडियम चॅनलच आणखी बंद करतं, त्यामुळे ड्रावेच्या मुलांच्या फिट्स वाढतात. फेनिटॉइन, लॅमोट्रिजिनचंही तसंच. आता ते बंद करून व्हॅल्प्रोएट आणि क्लोबाझाम दिलंय आणि फरक दिसतोय. वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक तान्हं बाळ होतं, त्याच्या फिट्स कशानेच थांबत नव्हत्या, त्याचा जीनचा दोष निराळा निघाला आणि त्याला रोज बी६ व्हिटॅमिन द्यायचं एवढाच उपाय, फिट्स थांबल्या. आणि जन्मल्यापासून दोन-चार दिवसांतच फिट्स येणारी काही बाळं असतात, त्यांच्यात केसीएनक्यू२ नावाचं जीन बिघडलेलं असलं तर त्यांना हेच कार्बामाझेपिन लागू पडतं. एकाला अमृत ते दुसऱ्याला विष, म्हणून रिपोर्ट. पैशांचं आम्ही बघितलंय, त्याचा विचार करायचा नाही आणि एफडी मोडायची भाषा तर मुळीच नाही.

लसीचं पण सांगून टाकते, कारण शेजारच्या काकू अजून लसीमुळेच झालं असं म्हणत असतील. पहिली फिट सहाव्या महिन्यात इंजेक्शनच्या रात्रीच आली हे खरं. पण लसीने ताप आला आणि तापाने फिट आली, आजार आत आधीपासूनच होता, तो पुढे सर्दीच्या तापातही दिसलाच असता. २००६ मध्ये मेलबर्नच्या डॉक्टरांनी लसीमुळे मेंदूला इजा झाली असं ज्यांच्याबद्दल समजलं जात होतं अशा १४ जणांचं जीन तपासलं, ११ जणांत हेच एससीएन१ए निघालं. चिऊच्या पुढच्या लसी आम्ही देणार आहोत, डॉक्टरांना विचारून, ताप येऊ नये म्हणून औषध देऊन. आणि वरच्या वाडीतल्या मुलाला तापात एकदाच आकडी आली आणि मग गेली ती गेलीच, ते खरंय, बहुतेक मुलांचं तसंच होतं, पाच-सहा वर्षांचं झालं की संपतं. चिऊचं तसं नाहीये. तिचं आपल्याला सांभाळत राहायचंय.

आता जे तुम्हाला आवडणार नाही ते. मे महिन्यात आम्ही गावाला येणार नाही. ठरलंय आमचं. रागावू नका. आई, तू पाळणा माळ्यावरून काढून धुतलास, फणस कोणत्या झाडाचा ठेवायचा ते ठरवलंस, सगळं माहितीय मला, आणि मला काय कमी वाटतंय का गं, तुझ्या हातची फणसाची भाजी आणि रात्री अंगणात गोधडीवर तुझ्या कुशीत झोपणं मला आत्ता या वयातही हवं असतं. पण मे महिन्यातला आपल्याकडचा उकाडा, त्यात वीज गेली की पंखा बंद, आणि तिचं अंग तापणं हेच तिचं मुख्य दुखणं. परत रात्री फिट थांबली नाही तर लहान मुलांचं आयसीयू असलेलं हॉस्पिटल गाठायला रत्नागिरी नाहीतर घाट चढून कोल्हापूर, त्या रस्त्याला किती वेळ लागतो ते बाबांना झटका आला त्या वेळी आपण बघितलंय. समीरला सुट्टी मिळत होती, गाडीत एसी आहे, सगळ्याचा विचार केला, तरी नाही म्हणजे नाहीच जमत. पाऊस पडून हवा थंड झाली आणि तिच्या फिट्स आटोक्यात असल्या तर गणपतीत बघू. आत्ता प्रॉमिस करत नाही.

त्यापेक्षा तुम्ही दोघं या ना. दादा गाडी घेऊन येईल, साखरप्यावरून आणेल तुम्हाला. बाबांसाठी खालच्या खोलीत पलंग लावलाय, बाथरूम शेजारीच आहे, त्यात दांडी बसवून घेतलीय, कमोड आहे, रात्रीचा लहान दिवा आहे. पेपर सकाळी सहाला येतो. चहा समीर करतो तो तुम्हाला चालतो, मी विचारलंय. आईला वेगळी शेगडी मांडून देते, तुझ्या स्वयंपाकात कोणी लुडबुड करणार नाही.

पण आल्यावर काही गोष्टी माझ्याच पद्धतीने करायच्या. चिऊला कढत पाण्याने न्हाऊ घालायचं नाही. माहितीय, बंबातलं पाणी, तेलाने रगडणं, मग धुरी, आम्ही सगळे तसेच वाढलो, माझ्या अंगावरून तुझा तो खरबरीत हात फिरायचा आणि मी न्हाणीतच पेंगायचे. पण तिला गरम पाण्यानेच फिट आलीय, मी समोर होते. कोमट म्हणजे हाताला गार लागेल इतकं कोमट. तुझा मंतरलेला दोरा मी टाकलेला नाही, देवाजवळ ठेवलाय, तिथेच राहू दे. आणि फिट आली तर कांदा नाही, चप्पल नाही, तोंडात चमचा नाही, पाणी नाही. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर फिट थांबवणाऱ्या मिडाझोलाम औषधाचा स्प्रे नाकात, तो फ्रीजवरच्या डब्यात असतो, कसा मारायचा ते दोघांनाही शिकवणार आहे आणि परीक्षा घेणार आहे. रात्री मी तिला माझ्याजवळच घेऊन झोपते, मॉनिटर लावून, त्याबद्दल फार विचारू नका.

खाण्याचं सगळ्यात अवघड जाणार तुला. डॉक्टरांनी केटोजेनिक डाएट सुरू केलंय. १९२१ पासून फिट्ससाठी वापरतात, नवं फॅड नाही. भात, पोळी, गूळ, साखर, केळं जवळजवळ बंद, आणि तूप, खोबरेल, साय, अंडं, पनीर, तेही सगळं ग्रॅमवर मोजून. ओट्यावर छोटा काटा ठेवलाय, त्यावर वाटी ठेवून शून्य करायचं आणि तूप थेंबाथेंबाने घालायचं, जास्त झालं की चमच्याच्या टोकाने परत काढायचं. शरीर साखरेऐवजी चरबी जाळायला लागलं की लघवीत केटोन येतात, ते बघायची पट्टी असते; लघवीत ती पट्टी बुडवली की ती पिवळट असते ती हळूहळू गुलाबी होत जांभळी होते, जांभळी झाली की डाएट लागू पडतंय. एकदा पाहुण्यांनी लाडाने अर्धं बिस्कीट दिलं तर पट्टी फिकी पडली. तेव्हा आई, मऊ भात नाही, पेज नाही, गुळाचा खडा गुपचूप तोंडात घालणं तर अजिबात नाही. तिने हात पुढे केला की तुझा जीव तुटणार, माझाही तुटतो. तीन महिने बघायचं, उपयोग झाला तर साधारण दोन वर्षं. तुला तिच्यासाठी काही करायचंच असेल तर आपल्या माडांच्या नारळाचं खोबरेल पाठव, मी डायटिशियनला विचारलंय, चालेल म्हणाल्या. तिच्या अंगाला तुझ्या घरचं काहीतरी लागेलच की.

आता दत्तूमामाचं. मी डॉक्टरांना त्याच्याबद्दल विचारलं. त्यांनी पहिलं काय विचारलं माहितीय, "सकाळी उठल्यावर त्यांचे हात झटकायचे का?" आणि मला तू सांगितलेलं आठवलं, सकाळच्या चहाचा कप त्याच्या हातातून उडून भिंतीवर आपटायचा आणि आजी ओरडायची माजलाय म्हणून. आणि मोठी फिट शिमग्याच्या जागरणानंतर. ते म्हणाले, ऐकून तरी ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी वाटते. वयात येताना सुरू होते, झोप मोडली की वाढते, आणि बऱ्याच जणांना एका गोळीवर पूर्ण काबूत राहते, फक्त गोळी बहुतेकदा आयुष्यभर घ्यायची. नोकरी, लग्न, मुलंबाळं सगळं होतं. विहिरीचं मी काढत नाही. तू तेव्हा केवढीशी होतीस, तुझ्या हातात काय होतं गं.

मामाचं ते दुखणं घराण्यात थोडंफार उतरू शकतं, बऱ्याच जीन्सचा थोडाथोडा हात असतो त्यात, पण घाबरू नको, आईला किंवा वडिलांना फिट्स असल्या तरी १०० मुलांपैकी ९० हून जास्त मुलांना काहीही होत नाही. हे एवढ्यासाठी सांगतेय की मावशीच्या मुग्धाचा सकाळी ब्रश हातातून पडतो ते "अशक्तपणा" म्हणून सोडू नका. मावशीला सांग न्यूरोलॉजिस्टकडे ने, ईईजी म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख काढ. आणि मुग्धा मुलगी आहे हे डॉक्टरांना आवर्जून बोला, व्हॅल्प्रोएटने पुढे पोटातल्या बाळाला दोष राहू शकतो, त्यामुळे मुलींना शक्यतो दुसरी गोळी देतात. मावशी म्हणेल लग्नाच्या पोरीचं गावभर होईल. तिला सांग, फिट्स असलेल्याचं लग्न कायद्याने रद्द करता यायचं ती अट १९९९ मध्येच काढून टाकलीय. आणि इथे पुण्यात संवेदना फाउंडेशन आहे, फिट्स असलेल्या मुलामुलींची लग्नंसुद्धा जमवतात. लपवून ठेवायचं नाही आता कोणाचंच.

बाबा, तुम्ही सुटला असं समजू नका. तुमची फिट जीनची नाही, पॅरालिसिसचा जो झटका आला त्याचा व्रण मेंदूत राहिलाय, तिथून ती निघते. तुमच्या वयात बऱ्याच जणांची फिट अशीच असते, हात थरथरतो किंवा माणूस नुसता शून्यात बघत राहतो आणि घरचे म्हणतात वय झालं. आई म्हणाली एकादशीला तुम्ही सकाळची गोळी घेत नाही. असं करायचं नाही, घोटभर पाण्याबरोबर घ्यायची, विठोबा काही म्हणणार नाही. एकदम बंद केली की फिट उसळून येते. त्या गोळीने चिडचिड होते कधीकधी, तुम्ही हल्ली आईवर ओरडता ते त्यानेही असेल, डॉक्टरांना सांगून बदलता येतं, स्वतः बंद करू नका. ही गोळी किडनीतून बाहेर पडते, म्हणून तुमच्या वयात क्रिएटिनीन, म्हणजे किडनी कशी चाललीय ते दाखवणारी रक्ताची तपासणी, बघून डोस ठरवतात, ते या आठवड्यात करून घ्या. स्कूटरची चावी दादाकडे द्या. पाटावर एकट्याने अंघोळीला जायचं नाही.

दुसऱ्या बाळाचं आई तू विचारणारच. शक्यता कमी आहे पण अगदीच शून्य नाही म्हणाले, गरोदरपणात तपासता येतं. आत्ता नाही. आत्ता आम्हाला चिऊ पुरे.

ती आता "आजी" म्हणते, फोन कानाला उलटा लावून. तू आलीस की तुलाच म्हणेल.

खोबरेल प्लास्टिकच्या बाटलीत नको, गेल्या वेळेसारखं एसटीत सांडेल. स्टीलच्या बरणीत घाल, तोंडाला कापड बांध आणि वर घट्ट सुतळी. आणि पोचवताना ड्रायव्हरचा नंबर घेऊन ठेव, मी स्वतः स्टँडवर जाईन.

तुमची,
छकुली