आधी वॅटचा हिशेब, मग गेमिंगचा संगणक : मुलीस पत्र

ता. दर्यापूर, जि. अमरावती

प्रिय बाळास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली सुट्या भागांची यादी मी दुकान बंद केल्यावर सावकाश वाचली. एवढे सगळे फोनवर नीट सांगता येत नाही आणि खरेदीला जाताना हाताशी कागद असलेला बरा, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

जुने भाग जमवून 35,000 रुपयांत गेमिंगचा संगणक बांधायचा, तो पाठीवरच्या बॅगेत मावेल एवढा लहान ठेवायचा आणि सुट्टीत रेल्वेने मूर्तिजापूरपर्यंत व पुढे एसटीने घरी आणायचा, हा तुझा बेत मला मनापासून आवडला. त्यापेक्षा जुना गेमिंग लॅपटॉप घे, असे मी म्हणणार नाही. त्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सची चिप मदरबोर्डावरच सोल्डर केलेली असते; ती गेली की दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या किमतीजवळ जातो आणि दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला तसे सांगताना मलाच वाईट वाटते. स्वतः बांधलेल्या यंत्रात जो भाग गेला तेवढाच बदलता येतो. मात्र तुझ्या यादीचा क्रम उलटा करावा लागेल. तू सर्वांत वर ग्राफिक्स कार्ड लिहिले आहेस आणि उरलेल्या पैशांत मिळेल तो एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, शेवटी टाकला आहेस. आपल्याकडे बंडी भरण्याआधी बैल पाहतात, तसा इथे एसएमपीएस आधी पाहायचा.

तुझ्या यादीतले आरएक्स 580 हे कार्ड एकटेच 185 वॅट घेते. रायझन 5 5600जी हा प्रोसेसर कागदावर 65 वॅटचा असला तरी भार पडल्यावर 88 वॅटपर्यंत ओढू शकतो. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे यांचे मिळून तीस वॅट धरले तर बेरीज 300 वॅटच्या वर जाते. तू निवडलेल्या स्वस्त एसएमपीएसवर 450 वॅट असे मोठ्या अक्षरात छापले आहे खरे, पण तू पाठवलेल्या फोटोत खालचा बारीक तक्ता बघ : 12 व्होल्टच्या ओळीसमोर 16 अँपिअर लिहिले आहे. 12 गुणिले 16 म्हणजे 192 वॅट. आजच्या संगणकात प्रोसेसर आणि कार्ड हे दोन्ही जवळजवळ सगळी वीज 12 व्होल्टच्याच तारेवरून घेतात, त्यामुळे त्या डब्याची खरी ताकद 192 वॅट एवढीच समजायची. बाकीचा आकडा 5 आणि 3.3 व्होल्टच्या ओळी मिळवून फुगवलेला आहे. असा एसएमपीएस गेम सुरू होताच बंद पडला तर नशीब समजावे. बंद न पडता व्होल्टेज हलवत राहिला, तर सोबत मदरबोर्ड आणि कार्डही नेतो.

त्या आरएक्स 580 कार्डाबद्दल आणखी एक गोष्ट. ही कार्डे 2017 साली आली आणि इथेरियम या आभासी चलनाच्या मायनिंगसाठी, म्हणजे यंत्राला गणिते करायला लावून ते चलन मिळवण्यासाठी, त्यांना भारी मागणी होती. 15 सप्टेंबर 2022 रोजी इथेरियमने मायनिंगची पद्धतच सोडली आणि रात्रंदिवस चाललेली अशी कार्डे ढिगाने बाजारात उतरली. मायनिंगला वापरलेले प्रत्येक कार्ड वाईटच असते असे नाही, पण त्यांचे पंखे झिजलेले असतात, मेमरीच्या चिपांवरचे उष्णता वाहून नेणारे थर्मल पॅड कडक झालेले असतात आणि काहींची बायोस (भागाच्या चिपमध्येच भरलेला मूळ प्रोग्रॅम) ही बदललेली असते. घरी मोठ्या कॅबिनेटमध्ये वापरायचे असते तर मी विचार केला असता. लहान पेटीत, आपल्या भागातल्या उन्हाळ्यात, 185 वॅटचे कार्ड नको.

माझा सल्ला असा आहे की सुरुवातीला वेगळे कार्ड घेऊच नकोस. 5600जी हा 2021 सालचा सहा कोअरचा प्रोसेसर आहे आणि त्याच्या आतच ग्राफिक्स आहे. व्हॅलोरंटसारखे गेम त्यावर चांगले चालतात. फक्त रॅम 16 जीबीची एक पट्टी न घेता 8 जीबीच्या दोन घे, कारण आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच काम करते आणि दोन पट्ट्या असल्या की त्याला दुप्पट रुंदीचा रस्ता मिळतो. या एका गोष्टीने गेमच्या वेगात डोळ्यांना दिसेल एवढा फरक पडतो. बोर्ड मिनी-आयटीएक्स, म्हणजे 17 सेंटिमीटर गुणिले 17 सेंटिमीटरचा, एएम4 सॉकेटचा, म्हणजे हा प्रोसेसर ज्यात बसतो त्या खाचेचा. जुन्या बाजारात हे बोर्ड कमी येतात आणि विकणारा भाव धरून ठेवतो, तेव्हा घाई करू नकोस. बी450 या जुन्या मालिकेतला मिळाला तर त्याची बायोस 5600जी ओळखण्याइतकी नवी आहे का हे तिथेच, तोच प्रोसेसर बसवून पाहून घे. विंडोज 10 ला मिळणारा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे आणि विंडोज 11 वर व्हॅलोरंटला टीपीएम 2.0 व सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन सोयी लागतात, म्हणून बायोसमध्ये ते दोन्ही सुरू होतात हेही तेव्हाच बघ.

एसएमपीएस मात्र नवा, एसएफएक्स या लहान आकाराचा, नावाजलेल्या कंपनीचा आणि 450 वॅटचा घे. साडेबारा सेंटिमीटर गुणिले दहा सेंटिमीटर एवढीच त्याची बैठक असते. किंमत तुला बोचेल, पण पुढे कार्ड बदलले, बोर्ड बदलला तरी तोच कामी येईल. एसएसडीही नवीच घे. त्यात तुझे प्रोजेक्ट राहणार आहेत. प्रोसेसर आणि रॅम जुने घ्यायला काहीच हरकत नाही, ते सहसा बिघडत नाहीत.

पुढच्या वर्षी पैसे जमले की 75 वॅटचे कार्ड बसवू. मदरबोर्डाच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त 75 वॅट मिळतात, म्हणून त्या मर्यादेतल्या कार्डाला वेगळी तार लागत नाही. 2019 चे जीटीएक्स 1650 त्यात बसते. फक्त त्याचे काही नमुने सहा पिनांची जोडणी मागतात, ते टाळायचे. तुझ्या मैत्रिणीने सुचवलेले आरएक्स 6400 केवळ 53 वॅटचे आहे, त्यामुळे ते मलाही प्रथम योग्य वाटले होते. पण त्याच्या जोडणीला चारच लेन (माहितीच्या वाटा) आहेत आणि ते पीसीआय एक्सप्रेस या खाचेच्या मानकाची चौथी पिढी गृहीत धरून बनवले आहे. 5600जी तिसऱ्याच पिढीचा वेग देतो, म्हणजे आधीच अरुंद असलेली वाट आणखी निम्मी होते. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही, आणि तुला तर खेळ रेकॉर्ड करायचा आहे.

आता उष्णतेचे. पुण्यात बसून याचा अंदाज येत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. हिटसिंक (उष्णता खेचून घेणारी धातूची पाती) आणि पंखा प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाहीत. ते फक्त हवा आणि प्रोसेसर यांच्यातले अंतर कमी ठेवतात. तुझ्या होस्टेलच्या खोलीत 25 अंश असताना गेममध्ये प्रोसेसर 70 अंश दाखवत असेल, तर मे अखेरच्या नवतप्यात आपल्या पत्र्याखालच्या खोलीत 45 अंश असताना तोच प्रोसेसर 90 च्या घरात जाईल. 5600जी ची मर्यादा 95 अंश आहे. तिच्या जवळ गेला की तो स्वतःच वेग कमी करतो आणि तुला वाटेल की यंत्र जुने झाले. एसएमपीएसमधल्या कपॅसिटरांचे गणित तर याहून कठोर आहे : तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते. म्हणून पेटीचा आकार ठरवताना सौंदर्यापेक्षा हवेची वाट आधी आख. हवा खालून किंवा बाजूने आत यावी आणि वरून बाहेर पडावी, मधे तारांचे जाळे नको. आत येणाऱ्या बाजूला मच्छरदाणीची नायलॉनची जाळी चुंबकाच्या पट्टीने लाव. कापूस घरात भरलेला असताना रुईचे तंतू हिटसिंकच्या पात्यांमध्ये नमद्यासारखे बसतात, हे मी वेचणीच्या हंगामात दुकानात रोज पाहतो. आणि घरी आल्यावर यंत्र कूलरच्या झोतात ठेवायचे नाही. आपण खारपाणपट्ट्यात, म्हणजे खारट भूजलाच्या भागात, राहतो. कूलरच्या तुषारांबरोबर क्षार उडतात आणि बोर्डाच्या पायांवर पांढरी बुरशी यावी तसा थर धरतात. कूलर खिडकीत, संगणक त्याच्या तिरक्या बाजूला, आणि झोताबाहेर.

खेळ सेकंदाला 60 चित्रांवर बांधून ठेव. पडदा 60 हर्ट्झचा असताना त्याहून जास्त चित्रे डोळ्यांपर्यंत पोहोचतच नाहीत, पण त्यांची वीज आणि उष्णता मात्र खरी असते.

पडदा विकत घेऊ नकोस. एका गिऱ्हाइकाने मोडीत दिलेल्या लॅपटॉपचा 15.6 इंची, फुल एचडी पॅनेल दुकानात पडून आहे. त्याची 30 पिनांची जोडणी आहे. मागच्या स्टिकरवरचा पॅनेल क्रमांक विक्रेत्याला दिला की त्याच पॅनेलसाठी प्रोग्रॅम केलेला कंट्रोलर बोर्ड मिळतो. त्याला एचडीएमआयने संगणक जोडायचा आणि 12 व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर द्यायचा. पॅनेलच्या मागे दोन मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा मी लावून देईन. तोच प्रवासात पडद्याचे झाकण होईल.

बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत किंवा कोणाच्या घरी भाग पाहायला जाशील तेव्हा एकटी जाऊ नकोस आणि चालू करून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नकोस. एएम4 प्रोसेसरच्या पोटाला 1331 पिना असतात. तो उजेडात तिरका धरून सगळ्या ओळी सरळ दिसतात का बघ. एक ओळ जरी लाटेसारखी दिसली तर पिना सरळ केलेल्या आहेत असे समज. बोर्डावर कपॅसिटरांची डोकी सपाट हवीत, सोल्डरचा डाग मूळचा हवा. हाताने दिलेला डाग जास्त चमकतो आणि त्याच्याभोवती फ्लक्सचा पिवळसर चिकटपणा राहतो. रॅम तपासायला मेमटेस्ट86 हा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेऊन जा. पुढे कार्ड घेशील तेव्हा जीपीयू-झेड आधी चालव, कारण जुन्या चिपेवर नव्या कार्डाची बायोस टाकून विकण्याचा प्रकार चालतो आणि तो प्रोग्रॅम अशी नकल बऱ्याचदा पकडतो. विकणारा बोर्डावरून प्रोसेसर काढू लागला, तर आधी यंत्र थोडा वेळ चालू ठेवायला सांग आणि हिटसिंक हलकेच पिळून काढू दे. थंड असताना सरळ वर ओढला की वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो.

प्रवासात हिटसिंक उंच नको आणि कार्ड बसवल्यावर ते काढून वेगळ्या डब्यात, स्पंजमध्ये ठेवायचे. मूर्तिजापूरहून येणाऱ्या रस्त्यावर कार्डाच्या वजनाने खाच तडकायला वेळ लागणार नाही. जुन्या लॅपटॉपचे सेल जोडून बॅटरी बनवण्याचा विचार तू शेवटी लिहिला आहेस, तो पूर्ण काढून टाक. त्या सेलांची आग विझवायला माणूस जवळ असून उपयोग होत नाही. हे यंत्र उचलून नेण्याजोगे असावे, चालता चालता वापरण्याजोगे असण्याची गरज नाही.

आपल्या घरच्या विजेबद्दल तू विचारले नाहीस, पण ते महत्त्वाचे आहे. मागच्या खेपेला तुझ्या जुन्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत होत्या. एसएमपीएसच्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून कॅबिनेटकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग चांगले असेल तर त्यांतून झिरपणारा किंचित प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर कॅबिनेट अधांतरी राहते आणि मल्टिमीटर त्यावर शंभर-सव्वाशे व्होल्ट दाखवतो. प्रवाह नगण्य असतो, त्याने माणसाला धोका सहसा नसतो. पण तशा अवस्थेत एचडीएमआयची तार लावताना ठिणगी पडली तर पोर्ट जाऊ शकतो. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि अर्थिंगच्या पाइपाभोवतीची माती सुटते, म्हणून पावसाळ्यात ठीक असलेले अर्थिंग चैत्रात निकामी होते. मी मागच्या अंगणात कोळसा आणि मीठ घालून नवा खड्डा करतो आणि त्यातून तुझ्या खोलीत वेगळी तार आणतो. उन्हाळ्यात त्यात पाणी घालण्याचे काम आजीने आपणहून मागून घेतले आहे.

यूपीएस मी दुकानातून देईन. काही स्वस्त यूपीएसची चौकोनी लहर अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (वीज नीट खेचण्याचे सर्किट) असलेल्या एसएमपीएसला मानवत नाही आणि लाइट जाताच संगणक बंद पडतो, त्यामुळे तू एसएमपीएस घेतल्यावर इथे दोन्ही जोडून पाहू आणि मग कोणता द्यायचा ते ठरवू.

पैशांचे असे कर : एसएमपीएसचे पैसे मी वेगळे पाठवतो, ते तुझ्या 35,000 मध्ये धरू नकोस. प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी आणि पेटी एवढेच त्यात बसव आणि उरेल ते कार्डासाठी राहू दे. बोर्ड पसंत पडला की पैसे देण्याआधी त्याचा पुढून, मागून आणि सॉकेटचा जवळून फोटो मला पाठव; दुकान रात्री आठपर्यंत उघडे असते, मी लगेच पाहून कळवीन.

तुझे,
बाबा