भूल उतरल्यावर काय होऊ शकतं, हे आधी सांगा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. १६ ऑक्टोबरला जागतिक भूल दिन असतो. १८४६ साली याच दिवशी बोस्टनमध्ये ईथरची भूल देऊन सर्वांसमोर शस्त्रक्रिया झाली. या शास्त्राविषयी मला आदरच आहे; त्याच्याविना माझ्या वडिलांच्या आतड्याचं ऑपरेशन झालंच नसतं. मला बोलायचंय ते भूल उतरल्यानंतरच्या दिवसांबद्दल.

वडील ७८ वर्षांचे, एसटीतले निवृत्त कंडक्टर. ऑपरेशन नीट झालं. नळीमुळे घसा दुखेल, थंडी वाजेल, मळमळेल, हे आम्हाला आधी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र ते मला ओळखेनात. आयसीयूतल्या कॉटवर अर्धवट उठून ‘ताई, सुट्टे द्या, पुढं सरका’ म्हणत होते. तिकिटाला पंच मारावा तशी उजवी मूठ उघडत-मिटत होती आणि डावा हात कमरेपाशी पैशांची चामडी पिशवी चाचपत होता. त्या भरात सलाईन उपसलं गेलं, मग दोन्ही हात बँडेजनं कॉटला बांधले. भावाला वाटलं, मेंदूत रक्तस्राव झाला. आत्यानं अंगारा आणायला माणूस धाडला. ‘वयामुळं होतं असं’ यापलीकडे त्या रात्री आम्हाला कुणी काही सांगितलं नाही.

याला डिलिरियम म्हणतात, हे नंतर भूलतज्ज्ञ मॅडम राऊंडला आल्या तेव्हा कळलं. मोठ्या ऑपरेशननंतर वयस्कर पेशंटमध्ये हे बऱ्याचदा दिसतं, बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत. दिवसभरात कमीजास्त होतं, रात्री वाढतं. दोष एकट्या भुलेचा नसतो: दुखणं, जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, तुंबलेली लघवी, मोडलेली झोप, काही औषधं, सगळं मिळून मेंदूवर ताण येतो. काही पेशंट आरडाओरडा न करता नुसते गुंगीत पडून राहतात. ते तर लक्षातच येत नाहीत. बहुतेकांचं काही दिवसांत निवळतं, काहींना आठवडे लागतात.

मॅडमनी आधी रक्ततपासणी करून घेतली आणि लगेच विचारलं, ‘यांचा चष्मा आणि कानाचं मशीन कुठंय?’ ते माझ्या पर्समध्ये होतं, कारण थिएटरात नेण्याआधी काढून आमच्याकडे दिलं होतं. ऐकू न येणारा, न दिसणारा माणूस, रात्रंदिवस ट्यूबलाईट, आजूबाजूला अनोळखी चेहरे! मशीन लावलं, कॉट खिडकीपाशी घेतली, संध्याकाळी भावाला जवळ बसू दिलं. हळूहळू ते भानावर आले. हात बांधल्याचं त्यांना आठवतं, आणि ते बोलताना अजून त्यांचा आवाज कापतो.

माझी मागणी साधी आहे. साठीपुढच्या पेशंटची संमतीपत्रावर सही घेताना नातेवाइकांना हे मराठीत, तोंडी आणि छापील पानावर सांगावं. विसरभोळेपणा, दारू, झोपेच्या गोळ्या यांची चौकशी तेव्हाच व्हावी. चष्मा, कवळी, कानाचं मशीन शुद्धीवर येताच परत लावावं. आणि आयसीयूत भेटीची वेळ कितीही कडक असली तरी अशा पेशंटजवळ संध्याकाळी घरचं एक माणूस बसू द्यावं. यासाठी नवं यंत्र लागत नाही, आणि जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातही हे उद्यापासून करता येईल.

– एक वाचक, कराड