झाडाखाली थांबू नकोस

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. उभं पीक आडवं झाल्याचं वाचून फार वाईट वाटलं. पण त्यातली एक ओळ अजून मनातून जात नाही: ‘पाऊस आला तसा बांधावरच्या झाडाखाली अर्धा तास थांबलो.’ तू सहज लिहून गेलास, मला मात्र वाचताना धस्स झालं.

त्याच आठवड्यात आमच्याकडेही वळीव झाला. दुपारभर झाडाचं पान हलत नव्हतं, जिवाची नुसती तलखी होत होती. चारच्या सुमारास पश्चिमेकडून आभाळ काळंकुट्ट होत आलं, गार वारा सुटला आणि गारांचा मारा सुरू झाला. लिंबाएवढी एक गार मी सुरीने मधोमध फोडली. आत कांद्यासारखे पापुद्रे, एक दुधाळ, एक काचेसारखा. ढगात वर चढणारा वारा गारेला तोलून धरतो, तेवढ्या वेळात तिच्यावर बर्फाची पुटं चढतात. वजन पेलेनासं झालं की ती खाली येते. १४ एप्रिल १९८६ला बांगलादेशात गोपालगंजला १.०२ किलोची गार पडली होती. किलोभर बर्फ अधांतरी धरणारा तो वारा कसला असेल!

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याकाठचं वीज पडलेलं झाड पाहिलं. शेंड्यापासून मुळापर्यंत वीतभर रुंदीची साल सोलून निघालेली, आतलं लाकूड पांढरं, ओलसर. सालीचे तुकडे वीस पावलांवर पडले होते. वीज खोडातून उतरताना आतल्या रसाची क्षणात वाफ होते आणि साल उडते. पुढे वीज जमिनीत पसरते, म्हणून झाडाला न टेकलेली गुरंही एकदम दगावतात. विनायक, तू त्या दिवशी नेमका तसाच उभा होतास रे.

वसंतातली वादळं काही नवी नाहीत. ३० एप्रिल १८८८ला मुरादाबादजवळ गारपिटीत २४६ माणसं गेली. २६ एप्रिल १९८९ला बांगलादेशात दौलतपूर-साटुरियात टोर्नेडोने, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणाऱ्या भोवऱ्यासारख्या वादळाने, सुमारे १,३०० बळी घेतले. पण आता जुने आडाखे पुरेनासे झालेत. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं, आणि वादळं त्याच बाष्पावर पोसली जातात. अमेरिकेत टोर्नेडोंचा जोर मधल्या मैदानांकडून आग्नेयेकडे सरकताना दिसतोय. त्या भागात ते रात्री येण्याचं प्रमाण जास्त, म्हणजे माणसं झोपेत सापडतात. ‘इथं असं कधी होत नाही’ या भरवशावर आता राहवत नाही.

वीज चमकल्यावर सेकंद मोजायची आपली जुनी सवय आठवते ना? तीन सेकंदांना एक किलोमीटर. ती आता सोडून दे. गडगडाट ऐकू आला म्हणजे आपण विजेच्या टप्प्यात आलो, पाऊस सुरू झालेला असो वा नसो. हातातलं काम टाकून पक्क्या घरात जा. घर लांब असेल तर काचा वर करून पत्र्याच्या टपाच्या गाडीत बस. चारी बाजूंनी उघडी शेड नको. आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नकोस. पाऊस थांबला की गुरं बघायला धावायची तुझी घाई मला माहीत आहे, म्हणून मुद्दाम लिहितोय.

एक काम कर. त्या बांधापासून घरापर्यंत पायी किती मिनिटं लागतात, ते एकदा घड्याळ लावून बघ आणि उलट टपाली कळव.

तुझा,
अरविंद